दरपत्रक

गुळाच्या अडतीवर माझी बावीस वर्षं गेली,
रव्यावर नुसतं बोट टेकवून मी दर सांगतो.
म्हणून घरातही दर लावायला जड गेलं नाही.
गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर, निळ्या पेनानं :
भांडी – पाच रुपये.
पाढा, न अडखळता – दोन.
गणितात नव्वदच्या वर – शंभर.
गोल – पन्नास.
खाली सही माझी, आणि स्वरांजलीची, वळणदार.

तिची आई म्हणाली, पोरीला गिऱ्हाईक करून ठेवशील.
मी म्हटलं, व्यवहार कळू दे.

व्यवहार लगेच कळला.
धुतलेली ताटं पुन्हा धुतली गेली.
तेराचा पाढा एका संध्याकाळी नऊ वेळा ऐकला मी,
अठरा रुपये मोजले.
सौदा म्हणजे सौदा.

मग दुधाळीच्या मैदानावर शाळांची मॅच.
स्वरांजली गोलकीपर,
मामेभावाचे हातमोजे, बोटांची टोकं रिकामी लोंबत.
पहिल्या हाफात तिनं तीन अडवले :
एक पायानं,
एक पोटाशी कवटाळून,
एक सरळ तोंडावर.
ओठ फुटला. तिनं बाहीला पुसला आणि थुंकली,
मला तिची लाज वाटायला हवी होती, वाटली नाही.

दुसऱ्या हाफात काय झालं कुणास ठाऊक,
बॉल पायात घेऊन ती निघाली.
मधली रेघ ओलांडली.
चौगुले सर ओरडत होते, माघारी फिर, माघारी!
ती धावत होती पन्नास रुपयांकडं,
मीच लिहिलेल्या.

बॉल गेला.
त्या शाळेची एक किडमिडी पोरगी
आमच्या मोकळ्या गोलपर्यंत चालत आली म्हटलं तरी चालेल,
आणि उंबऱ्यावरून पाणी लोटावं
तसा तिनं बॉल आत लोटला.

गाडीवर मागं बसून ती बोलली नाही.
गंगावेशीत म्हशींच्या धारा चालल्या होत्या,
पाटीवर खडूनं दर.
मी दोन ग्लास सांगितले.
फेसाची मिशी न पुसता तिनं विचारलं,
"बाबा, गोलचा दर हाय. अडवल्याला किती?"

मला आकडा सुचला नाही.
सौद्यात कधी असं झालं नव्हतं.

"म्हणून मी पुढं गेलो," ती म्हणाली.

रात्री झोप नाही.
पैशानं सगळं नासतं म्हणणारे
बहुतेक पगारी लोक असतात, हे मला माहीत आहे.
माझ्या चुलत्यानं जत्रेत एक कुस्ती मारली होती,
इनाम अकरा रुपये आणि नारळ.
नारळ त्याच दिवशी फुटला,
ते अकरा रुपये मरेपर्यंत पेटीत होते, मोडले नाहीत.
ते काय होते मग? मजुरी?

आणि आमच्या यार्डात दत्तू हमाल,
त्याला नगावर पैसे.
दिवाळीच्या तोंडाला तो पळत रवे टाकतो,
खालचा एखादा चिरतो.
फुटल्या रव्याचा कीस कोण गोळा करतो?
तोच. त्याचा दर कुठं लावलेला नाही,
आणि आजवर मी तो विचारलाही नव्हता.

पहाटे उठून मी कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलं,
अडवलेला गोल –
आणि पेन तिथंच थांबलं.

संध्याकाळी यार्डातून आलो तर कागदावर खाडाखोड.
गोल, खोडलेला.
पाढा, खोडलेला.
माझी अर्धवट ओळ पट्टी लावून खोडलेली,
जरा जास्तच जोरात.
गणिताचे शंभर मात्र शाबूत.
आणि भांडी – पाचचे सात,
कढई असली तर दहा.

खाली तिची सही. शेजारी तिच्या आईची.
माझ्यासाठी फुली मारून जागा सोडलेली.

मी म्हटलं, कढईचे आठ.
"दहा," ती म्हणाली, हातमोजे शिवता शिवता,
मान वर न करता.